एमएक्स-५ च्या १.८ इंजिनाचं ‘संपूर्ण’ रिबिल्ड किट: खोक्यात काय आहे, काय नाही

माझदा एमएक्स-५ मध्ये १९९४ पासून आलेलं १.८ लिटरचं बीपी इंजिन दणकट आहे. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह. तरी वय कुणालाच सुटत नाही. तेल खाणं, गरम इंजिनावर ऑइल प्रेशर पडणं, चौथ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन उतरणं, असं काहीतरी सुरू झालं की इंजिन खोलावं लागतं. त्यासाठी ‘संपूर्ण रिबिल्ड किट’ नावाने एकाच खोक्यात सगळा माल मिळतो: फोर्ज्ड पिस्टन आणि रिंगा, फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड, मेन व रॉड बेअरिंगचे शेल (अर्धगोल पातळ पत्रे), थ्रस्ट वॉशर, एमएलएस (पोलादी थरांचं) हेड गॅस्केट, बाकीची गॅस्केट आणि सील, हेड स्टड, ऑइल पंप, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट आणि त्याच्या पुल्या. विक्रेत्यागणिक कंपन्या बदलतात, यादी साधारण हीच राहते.

हा रिव्ह्यू त्या यादीचा आहे. कसोटी एकच लावली आहे: टर्बो नसलेली, रस्त्यावर चालवायची, मनात येईल तेव्हा लांब पल्ल्याला नेता येईल अशी गाडी. या कसोटीवर खोक्यातला बराच माल चांगला आहे, काही माल या कामाला नकोच आहे, आणि इंजिनाचं आयुष्य ज्यावर ठरतं त्या गोष्टी खोक्यात येतच नाहीत. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर सुटं सामान घ्या आणि वाचलेले पैसे मशिनिंग, मोजमाप आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या रस्त्यावर घाला.

सुरुवात पिस्टनपासून, कारण किट विकलं जातं ते त्यांच्याच जोरावर. ‘फोर्ज्ड’ हा शब्द वाचून थांबू नका. मिश्रधातू कोणता ते बघा. दोन प्रकार दिसतात, ४०३२ आणि २६१८. ४०३२ मध्ये सिलिकॉन बारा टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे तापल्यावर पिस्टन कमी फुगतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतंच. तो जास्त चिवट आहे, नॉकिंगचे (मिश्रण आपोआप, स्फोटासारखं पेटण्याचे) तडाखे जास्त सोसतो, पण फुगतोही जास्त, म्हणून त्याला सिलिंडरमध्ये जास्त प्ले (मोकळी फट) द्यावा लागतो. ८३.५ मिमी बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) ४०३२ साठी साधारण ०.०५ मिमी, तर २६१८ साठी ०.०८ ते ०.१० मिमी. हे अंदाज झाले. खरा आकडा पिस्टनसोबतच्या कागदावर असतो, आणि स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर) नेमक्या किती उंचीवर मोजायचं तेही त्याच कागदावर असतं. पिस्टन पिंपासारखा सरळ नसतो, खाली-वर त्याचा व्यास बदलतो, त्यामुळे भलत्या जागी मायक्रोमीटर लावला तर प्लेचा हिशेबच चुकतो.

जास्त प्ले असलेला पिस्टन थंड इंजिनात डावी-उजवीकडे डोलतो. खटखट ऐकू येते ती त्याचीच. आवाजाने काही बिघडत नाही, पण पिस्टन डोलला की रिंगही भिंतीवर तिरकी बसते आणि तेल वर सरकतं. ज्या गाडीला रोज दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता आहे ती बराच वेळ याच अवस्थेत चालते. म्हणून टर्बो नसलेल्या रस्त्यावरच्या गाडीला २६१८ नकोच. ४०३२ चालेल. आणि खरं सांगायचं तर कंपनीच्या पद्धतीचे ओतीव ओव्हरसाइज पिस्टन या कामाला सगळ्यांत चांगले: कमी प्ले, शांत, तेल कमी खाणारे. पुढे टर्बो लावायचा पक्का विचार असेल तरच फोर्ज्डचे पैसे वसूल होतात.

ओव्हरसाइज घेतल्याने ताकद वाढते हा गैरसमज विक्रेते खोडत नाहीत. मूळ बोअर ८३ मिमी, स्ट्रोक ८५ मिमी, मिळून १८३९ सीसी. ८३.५ ला १८६२ सीसी होतात, ८४ ला १८८४. अर्ध्या मिलिमीटरने वाढ सव्वा टक्का. एवढा फरक गाडी चालवताना कळत नाही. बोअर वाढवायचा तो झिजलेली, अंडाकार झालेली भिंत पुन्हा गोल आणि सरळ करण्यासाठी. त्यामुळे ज्या सर्वांत लहान मापात भिंत स्वच्छ होते तेच माप घ्या. पुढच्या वेळेसाठी ब्लॉकमध्ये धातू शिल्लक राहतो. यातच किटची पहिली अडचण आहे. ऑर्डर देताना माप निवडावं लागतं, आणि ब्लॉक मोजल्याशिवाय माप कळत नाही. आधी ब्लॉक उघडा, बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली आणि दोन दिशांना मोजा, मग पिस्टन मागवा. आणि पिस्टन हातात येऊन मोजले जाईपर्यंत ब्लॉक बोअरिंगला देऊ नका.

रिंगा बहुतेक किटमध्ये ‘फाइल-फिट’ येतात, म्हणजे टोकं घासून गॅप आपण ठेवायचा. ही चांगलीच गोष्ट आहे, पण पुष्कळजण खोक्यातून काढून तशाच चढवतात. टर्बो नसलेल्या इंजिनाला वरच्या रिंगचा गॅप बोअरच्या दर हजारी चार धरतात, म्हणजे ८३.५ मिमीला ०.३३ मिमी. दुसऱ्या रिंगचा थोडा जास्त, ०.३८ ते ०.४२. दुसरीचा गॅप मोठा का, तर दोन रिंगांच्या मधे अडकलेल्या वायूला खाली वाट मिळाली पाहिजे. नाहीतर तो वरच्या रिंगला खालून उचलतो आणि तिची बसण बिघडवतो. गॅप कमी राहिला तर इंजिन तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बाहेर दाबते, भिंत ओरबाडते, कधी पिस्टनची कडाच तोडते. थोडा जास्त राहिला तर नुकसान किरकोळ. तेव्हा चूक व्हायचीच असेल तर मोठ्या बाजूला होऊ द्या.

मोजताना रिंग उलट्या पिस्टनने बोअरमध्ये पंचवीसेक मिमी खाली सरळ ढकला आणि फीलर गेज लावा. कानशीचा हात बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे, एकाच दिशेने. उलटा हात मारला की बाहेरच्या तोंडावरचा लेप उडतो. घासून झाल्यावर टोकांची कूस बारीक दगडाने काढा. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये मोजायची, कारण बोअरच्या व्यासात ०.०१ मिमी फरक पडला तरी गॅपमध्ये ०.०३ मिमी पडतो. एका सिलिंडरवर आठच्या आठ रिंगा बेतणं म्हणजे बाकी तीन सिलिंडर नशिबावर सोडणं. (खालच्या ऑइल रिंगच्या पातळ पट्ट्या सहसा घासायच्या नसतात, फक्त गॅप अगदीच कमी नाही ना एवढं बघायचं.)

फोर्ज्ड रॉडबद्दल थोडक्यात: टर्बो नसेल तर नको. बीपीचे मूळ रॉड वाकतात ते टर्बोने खालच्या फेऱ्यांवर टॉर्क एकदम वाढला की. मूळ हवेवर चालणाऱ्या इंजिनात ते पुरतात. मात्र रॉडचे बोल्ट बदलले तर रॉडचं मोठं भोक पुन्हा मोजून घ्या. नवा बोल्ट टोपी जरा वेगळ्या जागी ओढून बसवतो, भोक गोल राहत नाही, आणि त्याची शिक्षा बेअरिंगला होते.

आता बेअरिंग. इथे थोडं थांबायला हवं, कारण इंजिन बांधून महिन्याभरात पुन्हा उघडावं लागलं तर कारण बहुतेक इथेच सापडतं. बीपीचं मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) सुमारे ५० मिमी, रॉडचं सुमारे ४५ मिमी. जुना ठोकताळा असा की व्यासाच्या हजाराव्या भागाइतका प्ले, म्हणजे मेनला ०.०५ आणि रॉडला ०.०४५ मिमी. ०.०४ च्या खाली गेलात तर तेल पुरेसं वाहत नाही आणि शेल तापतो. ०.०७ च्या वर गेलात तर गरम इंजिनावर आयडलला प्रेशर पडतं. रस्त्याच्या गाडीला ०.०४ ते ०.०५५ मधलं काहीही उत्तम.

किटमध्ये बहुधा रेसिंगसाठी बनवलेले तीन थरांचे कठीण शेल येतात. भार जास्त सोसतात, हे खरं. पण त्यांच्यात मऊपणा कमी असल्यामुळे तेलातला बारीक कण ते पोटात घेत नाहीत. कण मग क्रँकवर रेघ मारत फिरतो. रस्त्याच्या गाडीत तेल हजारो किलोमीटर राहतं, एअर फिल्टर महिनोन्‌महिने तोच असतो. तिथे कंपनीच्या पद्धतीचा मऊ शेल जास्त क्षमाशील असतो. कठीण शेल घ्यायचेच असतील तर क्रँक पॉलिश केलेला, गोल आणि सरळ हवा. तेलाच्या भोकांच्या कडा बारीक दगडाने मोडलेल्या हव्यात.

प्ले मोजायला प्लास्टिगेज पुष्कळजण वापरतात. खोक्यात ते नसतं, वेगळं घ्या, आणि हिरवी पट्टी घ्या: तिचा पल्ला ०.०२५ ते ०.०७६ मिमी. लाल पट्टी ०.०५१ पासून सुरू होते, म्हणजे आपल्याला हवा तो आकडा तिच्या पल्ल्याबाहेर पडतो. शेल आणि जर्नल पूर्ण कोरडे पुसा. पट्टी आडवी ठेवा, टोपी ठरल्या टॉर्कने कसा, क्रँक अजिबात फिरवू नका, टोपी काढा आणि पसरलेल्या पट्टीची रुंदी मोजपट्टीशी ताडा. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली तर जर्नल निमुळतं आहे. प्लास्टिगेज पडताळणीला छान, निर्णयाला अपुरं. निर्णय मायक्रोमीटर आणि बोअर गेजने, शेल बसवून, टोपी कसून, उभ्या दिशेत मोजून. सांध्याजवळ शेल मुद्दाम पातळ केलेला असतो, त्यामुळे आडवं मोजलं तर प्ले जास्त दिसतो आणि माणूस विनाकारण घाबरतो. प्ले जरासा कमी पडला तर काही कंपन्या नेहमीपेक्षा ०.०२५ मिमी जास्त प्ले देणारे शेल त्याच मापात देतात. वरचा एका जातीचा आणि खालचा दुसऱ्या जातीचा वापरला की साधारण अर्धा फरक पडतो. शेल घासून पातळ करायच्या फंदात मात्र कुणी पडू नये.

थ्रस्ट वॉशर लावताना तेलाच्या खाचा क्रँकच्या बाजूला. क्लच दाबला की सगळा जोर या दोन चकत्यांवर येतो. डायल गेज लावून क्रँक पुढे-मागे ढकला, ०.१ ते ०.२ मिमी आलं की पुढे जा.

ऑइल पंप हा खोक्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग, पण एका अटीवर. बीपीचा पंप क्रँकच्या पुढच्या टोकावरच बसतो आणि त्याचे मूळ गिअर धातूची पूड दाबून बनवलेले असतात. क्रँकला पिळाची थरथर बसते ती थेट या गिअरवर. जास्त फेऱ्यांवर, रेव्ह लिमिटरवर आपटत चालवलं की हे गिअर तडकल्याची उदाहरणं बरीच आहेत, आणि गिअर तुटला म्हणजे क्षणात प्रेशर शून्य. अखंड पोलादातून कापलेले गिअर असलेला पंप किटमध्ये असेल तर बिनदिक्कत घ्या. बाउंड्री या कंपनीचे असे पंप याच इंजिनासाठी मिळतात. किटमध्ये साधा पंप असेल तर शांतपणे चालवणाऱ्याला तोही पुरेल. प्रेशर वाढवण्यासाठी रिलीफ स्प्रिंगखाली चकती घालून देतात, ती रस्त्याला नको. दर हजार फेऱ्यांना साधारण ०.७ बार, एवढं गरम तेलावर मिळालं की झालं. त्यावरचं प्रेशर पंप फिरवण्यात ताकद खातं आणि तेल तापवतं.

पंपाच्या जोडीने क्रँक पुलीचं बोलायला हवं. मूळ पुलीत रबराचा थर असतो, तो थरथर शोषतो. ॲल्युमिनियमची हलकी पुली लावली की तो थर गेला, आणि ज्या थरथरीसाठी महागडा पंप घेतला ती आपणच वाढवली. हलकी पुली काही किटवाले ‘सोबत मोफत’ देतात. ती खोक्यातच राहू द्या. जुन्या पुलीचं रबर भेगाळलं असेल तर नवी मूळ पुली घ्या, किंवा एटीआयसारख्या कंपनीचा खरा डॅम्पर.

पंप बसवताना दोन गोष्टी. गिअरच्या पोकळीत पेट्रोलियम जेली किंवा घट्ट असेंब्ली ल्यूब भरा, नाहीतर कोरडा पंप तेल ओढायला वेळ लावतो. आणि सिलिकॉन सीलंटची रेघ पातळ ठेवा. ऑइल चेंबर बसवताना आत दाबला गेलेला सिलिकॉन पुढे सुटतो आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतो. बाहेरून गळती नाही म्हणून काम नीट झालं असं वाटतं, आत जाळी निम्मी बंद असते.

हेड गॅस्केट एमएलएस, म्हणजे पोलादी पत्र्यांच्या थरांचं. टिकाऊ आहे, पण त्याला आरशासारखी गुळगुळीत बैठक लागते: हेड आणि ब्लॉक दोन्हीचा खरखरीतपणा १.३ मायक्रॉनच्या आत. फेसिंग (यंत्रावर बैठक सपाट) करणाऱ्याला हा आकडा आधीच सांगा. हाताने एमरी घासून साफ केलेल्या ब्लॉकवर एमएलएस टिकणार नाही, पाणी किंवा तेल झिरपेलच. त्या जागी कंपनीचं साधं गॅस्केट जास्त सोशिक आहे आणि मूळ कॉम्प्रेशनला पुरून उरतं. कोणतंही असो, त्यावर सीलंट लावू नका.

गॅस्केटची जाडी हा दुसरा मुद्दा, आणि किटच्या कागदावर तो क्वचित असतो. १९९४-९७ च्या इंजिनाचं कॉम्प्रेशनचं प्रमाण ९.०. म्हणजे एका सिलिंडरच्या ४६० सीसीला वर उरलेली जागा ५७.५ सीसी. बोअर ८३.५ झाला आणि बाकी काही बदललं नाही तर ९.१ होतं. गॅस्केट पाव मिलिमीटरने पातळ आलं तर जागा १.४ सीसीने घटते आणि ९.३ होतं. हेडला फेसिंग दिलं की आणखी वाढतं. हे प्रमाण अजून धोक्याचं नाही, पण किटमधल्या पिस्टनचा माथा फुगीर असेल तर बघता बघता १०.५ च्या पुढे जातं आणि साध्या पेट्रोलवर नॉकिंग सुरू होतं. म्हणून हेडमधल्या ज्वलनाच्या चेंबरमध्ये मोजनळीने तेल भरून सीसी मोजा, पिस्टन ब्लॉकच्या तोंडाखाली किती राहतो ते डायल गेजने बघा, आणि बेरीज कागदावर करा. हेडची सपाट कड आणि पिस्टन यांच्यामधलं अंतर एक मिमीच्या आसपास राहिलं तर मिश्रण चांगलं घुसळतं आणि नॉकिंगला आळा बसतो. हे अंतर वाढवून कॉम्प्रेशन उतरवायची युक्ती उलटी फिरते. फेसिंगने आणखी एक होतं: हेड खाली आल्यामुळे बेल्टवर चालणारे कॅम जरासे मागे पडतात. ०.२-०.३ मिमीपर्यंत दुर्लक्ष करता येतं.

हेड स्टड एआरपीचे असतील तर मालाबद्दल शंका नको. पण त्यांचा टॉर्क त्यांच्यासोबत आलेल्या ल्यूबसाठी लिहिलेला असतो. साधं इंजिन ऑइल लावून तोच आकडा वापरला तर घर्षण वेगळं आणि ताणही वेगळा. स्टड ब्लॉकमध्ये हाताने बसवा, पान्याने आवळू नका. कसायचा तो नट. भोकात तेल-पाणी साचलेलं नको, नाहीतर दाबाने ब्लॉक तडकतो. आटे साफ करायला आटे पाडणारा टॅप नको, फक्त साफ करणारा वापरा.

व्हॉल्व्हबद्दल किट गप्प आहे. १९९८ पर्यंतच्या बीपीमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत. टकटक करत असतील तर एकेक काढून, उघडून, रॉकेलमध्ये धुऊन, तेल भरून परत लावता येतात, आणि निम्म्याहून अधिक वेळा तेवढं पुरतं. १९९९ पासूनच्या हेडमध्ये शिम (गॅप ठरवणाऱ्या चकत्या) आहेत, तिथे थंड इंजिनावर इनटेक ०.१८ ते ०.२४ आणि एक्झॉस्ट ०.२८ ते ०.३४ मिमी. व्हॉल्व्ह ग्राइंड केल्यावर हा गॅप कमी होतो, म्हणून शिम बदलायची तयारी ठेवूनच हेड द्या. कॅम नवीन घेणार असाल तर मवाळ घ्या. हायड्रॉलिक टॅपेटवर साडेसात हजारांच्या पुढे जायचं स्वप्न नको.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप हे किटमध्ये येतात ते ठीक. दोन्ही कॅमच्या खुणा समोर धरल्यावर त्यांच्यामध्ये १९ दाते मोजा (व्हेरिएबल टायमिंगच्या इंजिनाला ही मोजणी लागू नाही). टेन्शनर कसण्याआधी क्रँक पावणेदोन फेऱ्यांपेक्षा किंचित पुढे, नेमकं सांगायचं तर १ पूर्णांक ५/६ फेरा, सरळ दिशेने फिरवायचा. क्रँकचा मधला बोल्ट सुमारे १६० न्यूटन-मीटर. तो कमी कसला गेला तर चावीची खाच खाल्ली जाते आणि मग क्रँकच बाद.

खोक्यात काय नाही, याकडे आता येऊ. सर्वांत आधी पाण्याचा रस्ता. हे इंजिन मुळात आडवं बसवण्यासाठी आखलं होतं. तिथे पाणी पुढून पंपाने आत शिरून मागच्या टोकाने बाहेर पडायचं. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभं बसवताना पाण्याची बाहेर जायची वाट पुढेच आणली गेली. त्यामुळे मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरपाशी, पाणी कमी फिरतं आणि तो जास्त तापतो. बीपी उघडल्यावर चौथ्याची अवस्था वाईट दिसते ती यामुळे. हेडच्या मागे थर्मोस्टॅट नेणारी रीरूट किट वेगळी मिळते. इंजिन बाहेर असताना ती बसवणं सोपं जातं, नंतर फायरवॉल आणि हेड यांच्या फटीत हात घालून काम करावं लागतं. फोर्ज्ड पिस्टन रद्द करून हे घ्या. पश्चात्ताप होणार नाही. पाणी भरताना गाडीचं नाक वर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, आणि हवा निघेपर्यंत घाई नको.

दुसरं, मशिनिंग. चांगल्या दुकानाकडून काय मागायचं? बोअरचा निमुळतेपणा आणि अंडाकारपणा ०.०१ मिमीच्या आत. हॉनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट, कारण हेड कसलं की सिलिंडर वेडावाकडा होतो आणि तो तशाच ताणलेल्या स्थितीत गोल केला पाहिजे. रेघा साधारण ४५ अंशांच्या, शेवटी बारीक दगडाने त्यांची टोकं मोडलेली. तेलाच्या वाटांची बुचं काढून आतून ब्रश मारलेला. आणि प्रत्येक सिलिंडर, प्रत्येक जर्नलचे आकडे लिहिलेला कागद. कागद द्यायला जे दुकान कुरकुरतं तिथे ब्लॉक ठेवू नका.

ब्लॉक घरी आल्यावर सिलिंडर गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा. पेट्रोल-थिनरने पुसल्यावर स्वच्छ दिसतो, पण हॉनिंगचा भुगा रेघांमध्ये तसाच राहतो. पांढऱ्या फडक्यावर तेल घेऊन पुसा. फडकं करडं झालं तर पुन्हा धुवा. धुऊन झाल्या झाल्या लगेच तेल लावा, उघडं लोखंड डोळ्यांदेखत गंजतं.

तिसरं ट्यूनिंग. कॅम, इनटेक, कॉम्प्रेशन मूळच ठेवलं असेल तर मूळ ईसीयू (इंजिनाचा संगणक) सोडून काही घेऊ नका. डायग्नोसिस बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी जोडून टायमिंग लाइटने १० अंश बघा, झालं. कॅम बदलला किंवा कॉम्प्रेशन वाढवलं तर मात्र स्वतंत्र ईसीयू हवा. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी सुरू केलेला मेगास्क्वर्ट या गाडीसाठी सरळ मूळ वायरिंगला जोडता येईल अशा रूपात मिळतो आणि त्याची माहितीही मुबलक आहे. सोबत एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर हवाच. बॉशचा एलएसयू ४.९ घेतलात तर तो पाइपवर आडव्याच्या वर किमान १० अंश कलता बसवा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. इंजिन सुरू होण्याआधी त्याचा हीटर पूर्ण तापवू नका. गरम सिरॅमिकवर थेंब पडला की तो तडकतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टची जरा जरी गळती असली तरी बाहेरची हवा आत येऊन मिश्रण पातळ असल्याचं खोटंच दाखवते, आणि माणूस पेट्रोल वाढवत बसतो.

ईसीयूत पहिलं काम म्हणजे टायमिंग एका आकड्यावर स्थिर करून लाइटने पुलीवर तोच आकडा दिसतो का ते पाहणं. हे न करता टायमिंगचा नकाशा भरला तर पुढचं सगळं चार-पाच अंशांनी चुकलेलं असू शकतं. हवा-पेट्रोलचं प्रमाण सावकाश चालीला १४.७ च्या आसपास, पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १३.०. टायमिंग डायनोवर (टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक अंश वाढवा; टॉर्क वाढायचा थांबला की तिथून एक-दोन अंश मागे या. टॉर्क वाढत असतानाच नॉकिंग ऐकू आलं तर तिथून आणखी मागे. डायनोच्या खोलीत पंखा समोर असतो. उन्हात सिग्नलला उभ्या गाडीत इनटेकची हवा कितीतरी गरम असते, म्हणून हवेच्या तापमानावरून टायमिंग कमी करणारा तक्ता भरलेला असलाच पाहिजे. पुष्कळ ट्यूनर पूर्ण थ्रॉटलचा आलेख सुंदर करून देतात आणि थंड स्टार्ट, एसी लागल्यावरचा आयडल, उतारावरचा फ्युएल कट तसेच सोडतात. रस्त्याच्या गाडीचं बहुतेक आयुष्य याच भागात जातं. पैसे देण्याआधी गाडी एक रात्र थंड होऊ देऊन सकाळी सुरू करून बघा.

पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून, इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवून, प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टरवर फिरवा. सुरू झाल्यावर आयडलला तासभर ठेवण्यात काही अर्थ नाही. गळती आणि पाणी तपासून गाडी रस्त्यावर काढा. मध्यम फेऱ्यांवर जरा भार द्या, मग थ्रॉटल सोडा, पुन्हा भार द्या. रिंग भिंतीला दाबली जाते ती ज्वलनाच्या दाबाने. नुसत्या हळू चालवण्याने रेघा गुळगुळीत होतात आणि रिंग कधीच बसत नाही. साधं खनिज तेल, पहिल्या अर्ध्या तासानंतर बदला, मग ८०० किलोमीटरला, आणि सिंथेटिक दीड हजारांनंतर. काढलेला फिल्टर कापून घडी उलगडून बघा: सुरुवातीला बारीक करडी चमक ठीक, सोनेरी किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर गाडी तिथेच उभी करा आणि ऑइल चेंबर काढा.

दीड हजार किलोमीटरनंतर लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते याची चाचणी) करा. चारही सिलिंडर पाच-आठ टक्क्यांत आणि एकमेकांच्या जवळ असावेत. एकटा चौथा वेगळा पडला आणि हवा ऑइल भरायच्या तोंडातून येत असेल तर रिंग, एक्झॉस्टमधून येत असेल तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे असतील तर गॅस्केट.

किट घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला आधी तीन प्रश्न लेखी विचारा: पिस्टन ४०३२ की २६१८ आणि त्यांचा माथा किती सीसीचा, गॅस्केट कसल्यावर किती जाडीचं, पंपाचे गिअर कसले. तिन्हींची उत्तरं आकड्यांत आली तरच ऑर्डर द्या.